नंबर घालून घेतलेलं झाड

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून काय केलं, तर गोण्या झटकल्या. कांद्याच्या रिकाम्या गोण्या. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. हात वर नेऊन खाली आपटले की सालपटं आणि माती उडायची. मग ती दोन पावलं माझ्याकडं यायची, टोकाला टोक लावायची, घडी व्हायची. की पुढची गोणी. सकाळचे दहा वाजले असतील. माझी एक गाडी खाली झाली होती, दुसरी लागायची होती, म्हणून तिच्याकडं आलो होतो. तीसेक गोण्या झाल्या. मधे ती म्हणाली, "नीट धरा की. हात गेले का तुमचे?" मी म्हटलं, "तुझेच गेलेत." बस, एवढंच बोलणं. मी दुसऱ्या गाडीला गेलो. तासाभरात एक बाई पळत आली. म्हणाली, "मामा चला, मावशी बसल्या जागी कलंडली." रिक्षात घालून नेली. डॉक्टरनं हात लावून बघितलं आणि हार्ट म्हणाला. माझ्या मांडीवरच केव्हातरी गेली असणार, मला कळलं नाही.

लोक म्हणाले, सुखानं गेली, अंथरुणाला खिळली नाही, कुणाला त्रास नाही. पण ती सुखानं गेली नाही. तिच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती, की बाजारामागचं मोठं झाड तिच्यामुळं तुटलं. ते खोटं होतं. खोटं आहे हे मला माहीत होतं. सात महिने माहीत होतं. आणि मी तिला सांगितलं नाही.

मी माथाडी. साताऱ्याकडचा. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतनं वाशीला आला, त्याच्यामागं मीही आलो. चौथीपर्यंत शाळा झाली, तिची तेवढीही नाही. ती बारदान शिवायची. बारदान म्हणजे रिकाम्या गोण्या. फाटलेली गोणी घ्यायची, भोकाला ठिगळ लावायचं, दाभणात सुतळी ओवून टाके घालायचे. अशा दहा-बारा बायका होत्या. काही आमच्या देशावरच्या, दोघी-तिघी इथल्याच गावातल्या आगरी. ह्या कामाला गाळा कोण देणार? त्या रस्त्याच्या कडेला बसायच्या, मोठ्या झाडाखाली.

त्याला आम्ही मोठं झाडच म्हणायचो. रेन ट्री हे नाव मला बेलापूरच्या ऑफिसात पहिल्यांदा कळलं. शहर आखलं तेव्हा रस्त्याच्या कडेनं लावलेल्या रांगेतलं ते एक. रांगेतली बाकीची झाडं बेताची राहिली. कुणाला ट्रकनं मोडलं, कुणाच्या बुंध्यात सिमेंट ओतलं. हे एक वाढलं. दोन माणसांच्या कवेत बुंधा मावत नव्हता. फांदी रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीवर गेली होती. खाली एका वेळी तीन ट्रक, सगळ्या बायका, एक चहाची गाडी आणि झोपलेले हमाल एवढं सगळं मावायचं. चिकट काळ्या शेंगा पडायच्या, त्यांना गुळाचा वास यायचा. बायका शिव्या द्यायच्या, गोण्यांना चिकटतात म्हणून. संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटायची. घड्याळ कुणाकडं नव्हतं. वर बघून ती म्हणायची, "मिटलं गं बाई, आवरा." दाभण पदराला पुसून डब्यात.

मे महिन्यात डांबरावर उघड्या पायानं उभं राहता यायचं नाही. झाडाखाली आलं की अंगावरचा घाम गार पडायचा. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. आमच्या कामाला लागणाऱ्या वस्तूंतली ती एक वस्तू होती. हुक, सुतळी, दाभण, सावली.

आता नंबरचं सांगतो. ते समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

झाड तुटायच्या आधी काही वर्षं आम्ही तुर्भ्याच्या बाजूला झोपडीत होतो. एकदा सर्वेवाले आले. प्रत्येक झोपडीच्या दाराशेजारी भिंतीवर रंगानं नंबर टाकत गेले. आमची झोपडी कोपऱ्यात, नाल्याकडं तोंड केलेली. तिच्यावर टाकायचा राहिला. मी कामावर. ही पिठाचे हात घेऊन गल्लीभर त्यांच्यामागं पळाली, त्यांना परत आणलं आणि भिंतीवर नंबर घालून घेतला. पुढच्या वर्षी पाडायला गाडी आली तेव्हा बिननंबराच्या सगळ्या गेल्या. आमची उभी राहिली. त्या नंबरावर तिनं कधी चुन्याचा हात फिरवू दिला नाही. भिंत सारवायची ती नंबर सोडून. आमच्याकडं बायकांत म्हणच झाली होती, नंबर पडला की माणूस बसला.

तर एक दिवस बाजारामागच्या रस्त्यावर दोन माणसं आली. एकाकडं रंगाचा डबा, एकाकडं वही. झाडांवर नंबर टाकत चालली. मोठ्या झाडापुढं तेव्हा ट्रक लागलेला, बाजूला गोण्यांची थप्पी. ती दोघं पुढं निघून गेली. हिनं बघितलं. हातातली गोणी टाकून उठली.

"सायेब! अवो सायेब! आमचं झाड राह्यलं!"

रंगवाला थांबला. "तुमचं झाड?"

"आमचंच की. आमी रोज बसतो. ह्याला पन टाका नंबर."

तो वहीवाल्याकडं बघून हसला म्हणे. परत आला, बुंध्यावर ब्रश फिरवला. हिनं दोघांना चहा पाजला. वर विचारलं, "पावसात जायाचा नाय ना रंग?"

"नाय जात मावशी, ऑइल पेंट हाय."

संध्याकाळी मला हात धरून नेऊन दाखवला. मी पण म्हटलं, बरं केलंस. हे मी मुद्दाम लिहितो. मीही बरं केलंस म्हटलं होतं. मला वाटलं, घराची नोंद होते तशी झाडाची झाली. आता कुणी हात लावणार नाही.

पंधरा दिवसांनी एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं. नंबरवाली झाडं तोडायची असतात, ठाण्याच्या रस्त्याला असंच झालं. बायका हसल्या त्याच्यावर. मग बुंध्याला खिळा ठोकून एक कागद लावला गेला. मी अक्षर अक्षर लावून वाचला. गटाराची मोठी लाईन, रस्ता रुंद, खालील झाडे, हरकत असल्यास अमुक दिवसांत. खालील झाडांत आमचा नंबर होता.

तिनं विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. ती बुंध्याला हात लावून उभी राहिली. बाकीच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. त्यांतली एक आगरी म्हातारी, तोंडाची फटकळ, ती बोलली, "तूच पलाली ना गो त्याच्यामागं? चा पन पाजलास."

हिनं बुंध्यावरचा हात काढून घेतला.

एक खाडा करून मी बसनं बेलापूरला, शहर आखणाऱ्यांच्या ऑफिसात गेलो. चहावाल्याच्या शिकलेल्या मेव्हण्याकडनं अर्ज लिहून घेतला होता. ह्या टेबलावरनं त्या टेबलावर फिरून दुपारी एका तरुण इंजिनियरपुढं पोचलो. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली. अर्ज वाचला.

"काका, टेन्शन घेऊ नका. एकाच्या बदल्यात पाच लावणार आहोत आपण."

"कुठं?"

"खाडीच्या बाजूला. मोकळी जागा आहे तिकडं."

"तिकडं आमचं काय काम? बायका बसतात त्या हिकडं."

मी म्हटलं, "सायेब, चूक झाली. आमच्या मंडळीनं नंबर घालून घेतला. तुमचा माणूस सोडून चालला होता. तिला वाटलं नोंद होतीया. तेवढा नंबर खोडा."

त्याला नीट कळेना. दोनदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा हसला नाही, एवढं त्याचं भलं मानतो. उठून एक मोठा नकाशा आणला आणि टेबलावर पसरला. आमचा रस्ता दाखवला. दिव्याचे खांब होते, गटाराची झाकणं होती, पाण्याची पाइप होती, बाजाराची भिंत होती. एकेका गोष्टीवर बोट ठेवून तो सांगत होता.

मी विचारलं, "झाड कुठंय?"

"नकाशात झाडं नसतात, काका."

"खांब आहे की."

"खांब आपण बसवतो."

"झाड पण तुमीच लावलं."

त्यानं एक निळी रेघ दाखवली. गटाराची लाईन. सरळ झाडाच्या बुंध्यातनं जात होती. म्हणाला, "हे बघा, आखणी झाली त्याच दिवशी ते झाड गेलं. तुमच्या बाईंनी बोलावलं नसतं तरी पुढच्या फेरीत नंबर पडलाच असता. त्यांचा काही दोष नाही. घरी सांगा त्यांना."

घरी सांगा त्यांना. हे शब्द त्याचे आहेत, मी जोडलेले नाहीत.

मी विचारलं, रेघ वाकवता येत नाही का? माझ्या दोन हातांएवढी वाकवली तरी झाड वाचतंय. तो म्हणाला, आधी कळलं असतं तर आलीही असती. आता टेंडर झालं. आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "नकाशात दिसलं असतं तर कुणीतरी विचार केला असता." मी रागानं आलो. पण त्याचं ते बोलणं बरोबर होतं, आजही बरोबर वाटतं. एवढं शहर आखलं, सेक्टरला आकडे, बिल्डिंगला आकडे, गटाराच्या झाकणाला आकडा. वीस वर्षं वाढलेलं झाड मात्र कागदावर मोकळी जागा. झाड मोडायचं ठरलं तेव्हाच त्याला पहिल्यांदा आकडा दिला. शहर वसवणाऱ्याला झाडाची किंमत कळायची तर आधी ते कागदावर उतरलं पाहिजे, खांबाच्या शेजारी, तेवढ्याच जाड शाईनं. माझ्यासारख्याला हे कळतं. पुढच्या रेघा तर त्यांच्याच हातात होत्या.

घरी आलो. ती दारातच बसलेली. दिवसभर कामाला गेली नव्हती.

"काय म्हनले?"

मी चप्पल काढली. पाय धुतले. खाडा झाला होता, दुपारपर्यंत कुणी धड बोललं नव्हतं, पोटात काही नव्हतं. राग ऑफिसावर होता, ऑफिसापुढं मी खुर्चीच्या कडेला बसून सायेब सायेब केलं होतं. घरात समोर ही होती.

"काय म्हणणार? नंबर पडलाय म्हनले. पडला नंबर की संपलं."

"म्हंजी मीच..."

"मग कोण? मी गेलो होतो पळत? लई हुशार नंबरवाली तू."

तिनं ताट वाढलं. मी जेवलो. सांगेन उद्या, असं मनात होतं. खोटं कशाला बोलू, होतं.

झाड तोडायला दोन दिवस लागले. आधी फांद्या. यंत्राची करवत. बायका भिंतीला चिकटून बघत होत्या. फांद्या पडल्यावर तासाभरातच पानं मिटली, भर दुपारी. हिनं ते बघितलं आणि सवयीनं दाभण डब्यात ठेवायला गेली, मग थांबली. बुंधा दुसऱ्या दिवशी. जेसीबीनं मूळ उपटलं आणि तिथं चर खणला.

नंबरवाली हे नाव घरात मी ठेवलं आणि आठ दिवसांत ते बाजारात होतं. कसं पोचलं माहीत नाही. मीच कुणाजवळ तरी बोललो असणार, हमाल गाडीवर काय काय बोलत असतात. "नंबरवाली, चा पाज गं." "नंबरवाली, आमच्या घरवाल्यावर पन टाक एक नंबर, जाऊ दे कटकट." हसायचे सगळे. तीही हसायची. तिचं हसणं मला कळत होतं.

झाड गेल्यावर बायका बाजाराच्या भिंतीकडनं बसू लागल्या. भिंतीची सावली ती केवढी. सकाळी हातभर, अकराला वीतभर, बारानंतर नाहीच. झाडाखाली दहा-बाराजणी बसायच्या, भिंतीला सहाच मावायच्या. ही त्या सहांत कधी बसली नाही. पहिली आली तरी उन्हात बसायची, डोक्यावर गोणी टाकून. मी एकदा ओरडलो, "सावलीत सरक की!"

ती म्हणाली, "बसू द्या त्येंना. मी घालवली, मी बसते उन्हात."

बघा. सांगायला ह्यापेक्षा चांगली वेळ कुठली येणार होती? तोंडापर्यंत आलं. अगं नकाशातच गेलं होतं, तुझा काय संबंध, एवढंच बोलायचं. पण मग तिनं विचारलं असतं, तुम्हाला कधीपासनं माहीत? ह्याचं उत्तर द्यायला लागलं असतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक गोष्ट होती. महिन्यानं सांगणं अवघड. तीन महिन्यांनी आणखी अवघड. मी पाठीवर शंभर किलो घेऊन फळीवर चढलेला माणूस, आणि हे चार शब्द मला उचलले नाहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिचा चेहरा उन्हानं काळवंडला, ओठ फुटले. एकदा लेक माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आई, अशी कशी दिसतीस?" ही म्हणाली, "ऊन चांगलं असतं हाडाला."

झाड गेलं म्हणून ती मेली, असं मी म्हणत नाही. डॉक्टर हार्ट म्हणाला, तो शिकलेला. तिचं वयही झालं होतं. मी एवढंच म्हणतो, की शेवटचे सात महिने ती दुसऱ्याची चूक डोक्यावर घेऊन उन्हात बसली. ती चूक उतरवून घेणं एकट्या माझ्या हातात होतं.

ती गेली त्या दिवशी लेकीला गावाकडं फोन केला. ती येईपर्यंत दिवस कलला. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं. त्या बायका आल्या होत्या, बारदानवाल्या सगळ्या. त्यांनीच तिला आंघोळ घातली. फटकळ म्हातारीनं तिच्या केसांतनं गोणीचे धागे वेचून काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. लेक म्हणाली, "दादा, बसा, लोक भेटायला येत्याल." मी म्हटलं, आलो. अंगावर कालचाच सदरा होता. चालत बाजाराच्या मागं गेलो. बायका नुकत्याच बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसा. एक सांगायला आलोय. झाड हिच्यामुळं गेलं नाही. नकाशात गटाराची रेघ आधीच झाडावरनं गेली होती. नंबर नसता तरी तोडलं असतं. बेलापूरच्या सायबानं मला तोंडावर सांगितलं होतं."

फटकळ म्हातारीनं विचारलं, "कवा सांगितला?"

"तोडायच्या आधी."

"तिला ठाव होता?"

"नाही. मी बोललो नाही."

तिनं हातातली गोणी खाली ठेवली. माझ्याकडं बघत राहिली. शिवी देईल असं वाटलं, मला ती हवीही होती. ती म्हणाली, "आमी पन कमी नाय बोललो तिला," आणि तोंडावर पदर घेतला.

मी तिथनं चहाच्या गाडीवर गेलो. चहावाल्याला सांगितलं, पहिल्यापासनं. त्यानं चहा पुढं केला, मी घेतला नाही. मग काट्यावरच्या माणसाकडं गेलो, तोही ते नाव घ्यायचा. त्याला सांगितलं. मग आमच्या टोळीत. एक एक करून, ज्यानं ज्यानं तिला त्या नावानं हाक मारली असेल असं वाटलं त्या प्रत्येकाकडं. काहींनी खांद्यावर हात ठेवला, काहींना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. शेवटी एक ड्रायव्हर होता, महिन्यातनं दोनदा नाशकाकडनं यायचा. गाडीच्या टपावर उभा राहून दोर सोडत होता. मी खालनं हाक मारली, म्हटलं, नंबरवालीचं सांगायला आलोय.

"कोण नंबरवाली?" तो वरनं म्हणाला.

त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

"खाली उतर," मी म्हटलं. तो दोर सोडून खाली उतरेपर्यंत मी चाकाला टेकून उभा राहिलो, आणि तो उतरल्यावर त्यालाही सांगितलं.